कठड्यावरचं पाणी

“मला विचारल्याशिवाय नाला ओलांडायचा नाही,” पाल्मो आमा म्हणाली.

दोन्ही हात चौकटीला लावून ती दारात उभी होती, जणू मी घरातलं काही चोरून नेत होते. माझ्या कडेवर आठ महिन्यांची शालू, नाकापर्यंत गुंडाळलेली, आणि खांद्याला तिच्या दुपट्यांची पिशवी. घड्याळात पावणेबारा झाले होते. बाहेर असं लख्ख ऊन पडलं होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं.

“आमा, मुद्दाम ऊन चढेपर्यंत थांबले होते,” मी म्हटलं. “सकाळच्या गारठ्यात लेकराला कोण बाहेर काढतं?”

“ऊन चढलंय म्हणूनच अडवतेय. सातला निघाली असतीस तर बोलले नसते.”

“सातला? बाळाला घेऊन?”

“नाहीतर जाऊच नकोस.”

मी बरं बरं म्हटलं, तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडले आणि गेले. नाल्यापलीकडे कंपनीचा कॅम्प होता आणि तिथल्या नर्सकडून शालूचं वजन करून घ्यायचं होतं. नाला म्हणजे दोन डोंगरांमधली घळ. उन्हाळ्यात तिथून पाणी वाहतं म्हणे. तेव्हा मात्र ती काठोकाठ बर्फाने भरली होती. ओलांडायला तीनेकशे पावलं. बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला होता, पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. वरच्या उतारावरून बर्फाचे छोटे छोटे गोळे आपणहून गडगडत खाली येत होते आणि शालू त्यांच्याकडे बघून खिदळत होती. मीही हसले. तासाभराने त्याच वाटेने परत आले. काही झालं नाही.

आमाने दार उघडलं, आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाठ फिरवून आत गेली.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कधी जाते, कधी येते, याच्याशी हिला काय करायचंय?

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. थांगरिंग हे लाहौल या बर्फाळ खोऱ्यातलं बारा-पंधरा घरांचं गाव. माझा नवरा आशुतोष तिथे पुलाच्या कामावर साइट इंजिनिअर होता. कॅम्पमध्ये बायकामुलांची सोय नव्हती, आणि मी हट्ट धरला होता की आता कऱ्हाडला आईकडे राहायचं नाही, पोरीला तिचा बाप दिसला पाहिजे. मार्चमध्ये खिंड बंद असते, म्हणून हेलिकॉप्टरने आलो आणि पाल्मो आमाच्या माडीवरच्या खोलीत राहिलो. आमा म्हणजे तिकडे आई. ती पासष्टीची, विधवा, घरात एकटी. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. इथे मी ते माझ्या भाषेत लिहितेय.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. हे आत्ताच सांगून ठेवते.

आमची खोली सपाट छतावर उघडायची. छताला मातीचा कठडा होता, आणि त्या कठड्यावर, बरोबर आमच्या खिडकीसमोर, एक पितळी वाटी ठेवलेली असायची. रोज संध्याकाळी आमा तिच्यात पाणी ओतायची. रोज पहाटे, उजाडायच्या आत, शाल लपेटून वर यायची, वाटीत बोट घालायची, वरच्या डोंगराकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. मग मान वळवायची आणि आमच्या खिडकीकडे बघायची. मी पडद्याआडून बघत असायचे. शालू रात्रभर रडून तेव्हा कुठे डोळा लागलेला असायचा आणि मला झोप नसायची.

मग टोपली. पाठीवर बांधायची एक मोठी वेताची टोपली होती. काही सकाळी ती टोपली आमा छताच्या कोपऱ्यावर पालथी घालायची, काही सकाळी नाही. आणि समोरच्या छतांवरचे पुरुष कामाला निघण्याआधी न चुकता आमच्याच घराकडे बघायचे. एकजण नाही, सगळे.

मी शालूच्या लसीकरणाच्या वहीत मागच्या पानावर टिपायला लागले. सोमवार, टोपली आहे, आशुतोष घरी. मंगळवार, टोपली नाही, आशुतोष गेला. बुधवार, नाही, गेला. गुरुवार, आहे, घरी. दहा दिवसांत एकदाही चुकलं नाही. ज्या दिवशी माझा नवरा घरात नसतो त्या दिवशी टोपली नसते. म्हणजे घरात पुरुष नाही हे सगळ्या गावाला कळावं म्हणून ही खूण. मला दुसरा अर्थच सुचला नाही.

“तुझं हे गुप्तहेर खातं बंद कर, वृंदा,” आशुतोष म्हणाला. “झोप होत नाहीये तुझी.”

“मग तुला मधूनच सुट्टी का मिळते? आणि नेमकी टोपली असते तेव्हाच?”

“दोर्जे येऊन सांगतो, आज नाला बंद. मी म्हणतो ठीक आहे. या लोकांना घरी बसायला निमित्त लागतं. एप्रिलचं ऊन पडलंय, चहा प्यायचाय, शेकत बसायचंय.”

दोर्जे डोझर चालवायचा. पाल्मो आमाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणीच गेली, आमानेच वाढवला. पंचविशीचा असेल. सारखा हसायचा, आणि आमच्या शालूचा त्याला भारी लळा.

“मॅडम तयार आहेत का?” तो दारातूनच ओरडायचा. “चला मॅडम, साइटवर. साहेबांना डोझर येत नाही, तुम्हाला शिकवतो.”

शालू त्याच्या मिशा ओढायची. मला तोही आवडत नव्हता. या घरातला माणूस माझ्या मुलीशी एवढं गोड का बोलतो, असं यायचं मनात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शालूला जुलाब सुरू झाले. नर्सने पावडरी दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. वजन पाव किलोने उतरलं. तिचं रडं ऐकून आमा खोलीत आली, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हिला इथे आत्ता आणायला नको होतं.”

मी शालूला जवळ ओढलं. “का?”

“हा महिना लहान मुलांचा नाही. जूनमध्ये आणायचीस.” मग थांबून तिने विचारलं, “ही झोपते कधी? आणि तुझा माणूस जातो किती वाजता?”

मी दोन्हीची खोटी उत्तरं दिली.

फोनला रेंज फक्त छताच्या एका टोकाला यायची. तिथे उभं राहून मी आईला सगळं सांगितलं. वाटी, पाणी, बोट, पुटपुटणं, टोपली.

“अगं बाई,” आई म्हणाली. “आणि रोज खिडकीकडे बघते?”

“रोज.”

“दृष्ट काढ आधी. मीठ-मोहऱ्या आहेत ना? तीन दिवस काढ, लागोपाठ.”

“आई, मी सायन्सची आहे.”

“मग सायन्सने थांबलेत का जुलाब? मोहऱ्या चुलीत टाक. आणि मीठ ना, जिची लागलीय असं वाटतं तिच्या पाण्यात टाकायचं. माझी सासू असंच करायची. जिचं तिला परत.”

मी फोन ठेवला. पण त्या संध्याकाळी आमा वाटी भरून खाली गेली तेव्हा माझे हात आपोआप डब्याकडे गेले. शालूवरून तीनदा मूठ उतरवली. मोहऱ्या तंदूरमध्ये टाकल्या, खोली उबवणारी पत्र्याची शेगडी असते तिला तिथे तंदूर म्हणतात. त्या तडतडल्या. मीठ मुठीतच ठेवून बाहेर गेले आणि सगळंच्या सगळं वाटीत सोडलं. बोटाने ढवळलंसुद्धा. खाली काही राहू नये म्हणून.

त्या रात्री शालू सलग सहा तास झोपली.

सकाळी पडद्याआडून बघते तर आमाने वाटीत बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं बाहेर काढलं. पुन्हा घातलं. वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली. तिचा चेहरा पाहून मला, खरं सांगते, बरं वाटलं. लागू पडलं होतं. तिने घाईघाईने टोपली पालथी घातली. दोर्जे खालून काहीतरी म्हणाला, तिने मान हलवली, तो खांदे उडवून परत गेला. आशुतोष दिवसभर घरी.

दुसऱ्या संध्याकाळी तेच केलं. तिसऱ्या संध्याकाळीही. जुलाब थांबले होते. शालू पेज मागून मागून खात होती.

तिसऱ्या दृष्टीनंतरच्या सकाळी छतावर भांडण झालं. दोर्जे आणि आणखी चार-पाच पुरुष शिडी चढून वर आले. आमा वाटी दाखवत होती, ते हातवारे करत होते. त्यांची भाषा मला कळत नव्हती. दोर्जेने कठड्याखालच्या बर्फावर टाच आपटली. खण्ण आवाज आला, दगडावर आपटावी तसा. तो हसला. मग त्याने ती टोपली उचलली, आपल्याच डोक्यावर पालथी घातली आणि आंधळ्यासारखा हात पसरून छतावर दोन फेऱ्या मारल्या. सगळे हसले. आमा हसली नाही. दोर्जे टोपली घेऊनच खाली उतरला.

गावाने हिला ओळखलं एकदाचं, असं मला वाटलं.

“आज सगळे कामावर,” आशुतोष बूट चढवत म्हणाला. “आळस झटकलेला दिसतोय.”

ते नाला ओलांडून गेले आणि संध्याकाळी गारठा पडल्यावर परत आले. काही झालं नाही. आमा चुलीपाशी बसून होती, जेवली नाही. त्या संध्याकाळी मी मीठ टाकलं नाही. तीन दिवस झाले होते.

रात्री ढग आले. मला ते चांगलं वाटलं, कारण पहिल्यांदाच अंगावरची दुसरी रजई काढावी लागली. पहाटे छतावरून ठिपठिप आवाज येत होता. आशुतोष सहालाच उठला होता. “ऊन नाही, मस्त गार दिवस आहे,” म्हणत चहा घेतला आणि गेला. मी दार लावून वळते न वळते तोच पुन्हा धाडधाड वाजलं.

आमा होती. अनवाणी. हातात ती वाटी, आणि वाटीतलं पाणी हिंदकळत होतं.

“तुझ्या माणसाला बोलाव.”

मी शालूला घट्ट धरलं. “का?”

“माझं कुणी ऐकत नाही आता. दोर्जे हसतो. तू सांगितलंस तर तुझा माणूस थांबेल, तो थांबला तर सगळे थांबतील. बोलाव त्याला, बहू.”

“पण कशासाठी? काय आहे या पाण्यात?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी चूल कशाला असते हे विचारलं होतं.

“काय असणार? पाणी आहे. रात्री ते गोठलं म्हणजे डोंगरावरचा बर्फही गोठून बसला. मग ऊन चढेपर्यंत जायचं. नाही गोठलं म्हणजे बर्फ रात्रभर ओलाच राहिला, आतून सुटा झाला, तो कधीही खाली येईल. मग टोपली पालथी, त्या दिवशी नाल्यात कुणी जायचं नाही. होळीपासून पेरणीपर्यंत एका घराने हे बघायचं असतं. यंदा पाळी माझी.” तिने वाटी माझ्यापुढे धरली. “रात्री ढगांनी गोधडी घातली. हे बघ. पापुद्रासुद्धा नाही.”

मी वाटीत बघितलं. मग तिच्या पायांकडे. मग पुन्हा वाटीत.

“तीन दिवस,” ती म्हणाली. “तीन दिवस माझं पाणी गोठलं नाही आणि बर्फ मात्र दगडासारखा. आयुष्यात असं बघितलं नाही मी. माझं पाणी खोटं पडलं, बहू. म्हणून आज ते गेले.”

मीठ घातलेलं पाणी शून्याला गोठत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मी त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट.

मी शालूला तिच्या हातात दिलं. जिच्यापासून महिनाभर लपवत होते तिच्याच हातात कोंबलं, आणि पळाले. पायात घरातल्या सपाता होत्या. वाटेवरचा बर्फ, काल ज्याच्यावर टाच आपटली की खण्ण वाजायचं तो, पावलागणिक मांडीपर्यंत गिळत होता. दोनदा पडले. वळणावरून नाला दिसला तेव्हा आशुतोष आणि दोघे कामगार अलीकडच्या काठावर बूट आवळत होते. दोर्जे पुढे गेला होता. शंभरेक पावलं आत, वाट पाडत.

“आशुतोष!”

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग ते, जे मला ठाऊक होतं. आता काय काढलं हिने?

मला सांगायचं होतं. तोंडात वाक्य तयार होतं, की आमा बरोबर आहे, मीठ मी घातलं, मागे फिरा. पण त्या क्षणी मला दिसलं की हे वाक्य ऐकून तो काय विचारेल. कसलं मीठ? कशात? का? आणि मला त्या माणसांसमोर उभं राहून सांगावं लागेल की मी, बी.एस्सी., मी त्या म्हातारीला काय समजत होते. आणि एवढं सांगेपर्यंत तो नाल्यात उतरलेला असेल.

“शालू श्वास घेत नाहीये!” मी ओरडले.

ज्या पोरीच्या जिवासाठी मी हे सगळं केलं होतं, तिच्याबद्दल हे अभद्र माझ्याच तोंडून गेलं.

आशुतोषने हातातली पिशवी टाकली आणि धावत सुटला. दोघे कामगार त्याच्यामागे. दोर्जे आत थांबला होता. कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होता.

“काय झालं, भाभीजी?”

एका कामगाराने पळता पळता त्याच्या भाषेत ओरडून सांगितलं.

“नर्स!” दोर्जे ओरडला. “मी नर्सला आणतो! तुम्ही घरी जा, भाभीजी, मी घेऊनच येतो तिला!”

आणि तो फिरला. मागे नाही, पुढे. त्या रुतणाऱ्या बर्फात तो अक्षरशः हातापायांवर पळायला लागला, पलीकडच्या काठाकडे. माझ्या शालूसाठी.

किती वेळ गेला ते मी पुष्कळदा मोजून पाहिलंय. दहा सेकंद असतील, पंधरा. तेवढ्यात ‘थांब, खोटं आहे, परत ये’ एवढं सहज म्हणता येतं. आशुतोष माझ्या हाताला धरून ओढत होता, “चल ना, उभी काय राहिलीस!” मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, तो पोचेल. मी पोचले होते ना भर दुपारी, पोरीला घेऊन. मी वळले आणि नवऱ्याबरोबर घराकडे पळाले.

शालू आमाच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातली मण्यांची माळ चघळत होती. आशुतोषला बघून तिने दोन्ही हात वर केले.

तो धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी भिंतीला टेकले.

“निळी पडली होती,” आमा म्हणाली. अगदी शांतपणे, माझ्याकडे न बघता. “पाठीवर थापटलं. आता बरी आहे.”

ती माझ्या बाजूने खोटं बोलली. माझा माणूस मी कसा परत आणला ते तिला एका नजरेत कळलं होतं. मग तिने दाराकडे पाहिलं. दोघे कामगार आत येत होते. तिने त्यांच्यामागे पाहिलं, आणखी कुणी येतंय का.

“दोर्जे?”

खडीचा ट्रक रिकामा करतात तसा आवाज आला. फक्त तो थांबेना. कपबशा थरथरल्या. शालूने माळ तोंडातून काढली आणि कान देऊन ऐकायला लागली.

दोर्जे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला. पलीकडच्या काठापासून वीस पावलांवर. नर्सने आशुतोषला सांगितलं, तो बर्फ सिमेंटसारखा आवळतो, एका दमात. त्याला फार काही कळलं नसेल. असं सगळेच सांगतात.

गावात कुणीच मला काही बोललं नाही. उलट बायका शालूला बघायला आल्या, देवाने वाचवलं म्हणाल्या, तिच्यामुळे तिघे वाचले म्हणाल्या. तेराव्या-चौदाव्या दिवशी म्हातारे पुरुष जमले आणि पितळी वाटी आमाकडून काढून दुसऱ्या घरी नेली. रागाने नाही. एकाने तर जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण तीन दिवस तिने विनाकारण अडवलं, म्हणून चौथ्या दिवशी पोरांनी ऐकलं नाही, हे सगळ्यांच्या मनात होतं. आमाच्या मनात सगळ्यांत जास्त.

आम्ही जायच्या आदल्या दिवशी ती वर आली. मी कपडे भरत होते. ती शालूच्या बाजूला बसली.

“बहू, तू शिकलेली आहेस,” ती म्हणाली. “एक सांग. असं होतं का कधी? बर्फ गोठतो आणि त्याच रात्री, त्याच थंडीत पाणी गोठत नाही? काही कारण असतं का त्याला?”

मी दुपट्याची घडी घातली. ती मोडली, पुन्हा घातली.

“माहीत नाही, आमा,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “मग माझंच बोट गेलं. थंडी कळेनाशी झाली असेल बोटाला. वय झालं.” आणि ती उजव्या हाताचं ते बोट दुसऱ्या हातात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. आम्ही आलो.

आज शालू दहा वर्षांची होतेय. पाण्याला, उंचीला, कुत्र्याला, कशाला घाबरत नाही. मीच घाबरते. आशुतोषला मी हे कधी सांगितलं नाही. तो अजून लोकांना सांगतो, पोरीने बापाचा जीव वाचवला. तो हे वाचेल तेव्हा त्याला पहिल्यांदा कळेल, आणि मग तो माझ्याकडे ज्या नजरेने बघेल तिच्यासाठी मी तयारी करतेय. थांगरिंगला मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. ती पोचली का, तिला कुणी वाचून दाखवली का, वाचणाऱ्याने खरं वाचलं का, की लपवलं, कुणास ठाऊक. तिथे फोन करण्यासारखं माझं कुणी नाही. आणि स्वतः जायचं तर तिच्या दारात उभं राहायचं. दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा रद्द केली.

पण आता तिकडचा रस्ता बारमाही झालाय. आपल्याकडची माणसं एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपल्या की बर्फात खेळायला तिकडे जातात, मी फोटो बघते. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर थांगरिंगपाशी मुख्य रस्ता सोडून नदीच्या अंगाला दोन किलोमीटर खाली उतरा. शेवटून दुसरं घर, निळ्या चौकटीच्या खिडक्या. सकाळी लवकर जा, आणि वाटेत कुणी अडवलं तर कारण न विचारता थांबा. पाल्मो आमा कुठे आहे ते विचारा. ती चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची असेल. एकटी असेल. नीट जेवते का बघा, सरपण आहे का बघा. तिच्याजवळ बसा, तिचा हात हातात घ्या आणि सांगा की तिचं बोट बरोबर होतं, वृंदाने पाण्यात मीठ टाकलं होतं. ती काय म्हणते ते मला कळवू नका. ती आहे, एवढं कळवा.